पांढरा ठिपका आत राहतो

१२ जानेवारी

बारक्या,

पत्ता आईला आलेल्या कार्डावरून घेतला. कोपऱ्यात इतका बारीक लिहितोस, की पत्ता सापडू नये म्हणूनच लिहिला असावा असं वाटतं. आईने विचारलं, "कार्ड कशाला हवंय तुला?" म्हटलं, "वाचायला." ती म्हणाली, "सहा वर्षांत आज वाचावंसं वाटलं होय?" आणि दिलं.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. कळवायचं एवढंच, की बाबांची मोटारसायकल उघडणार आहे.

कारण साधं आहे. गेल्या आठवड्यात भंगारवाला आला होता. मागच्या भिंतीपाशी जाऊन त्याने ताडपत्रीचं टोक उचललं आणि म्हणाला, "ताई, ही कधी न्यायची?" आई नेमकी दारात उभी होती. हातात सुई-दोरा, कारण ती अजूनही शाळांची रजिस्टरं शिवून बांधते. ती म्हणाली, "हिला हात लाव, मग हातगाडीसकट तुलाच भंगारात घालते की नाही बघ." तो हसत गेला. मग आई माझ्याकडे वळली. "एक तर चालू कर, नाहीतर चालू होणार नाही म्हणून तोंडाने सांग. नुसती झाकून ठेवू नकोस. उंदीर झालेत खाली."

उंदरांचं तेवढं ऐकल्यासारखं मी केलं. दुसऱ्या दिवशी पिंजरा आणला. पण पिंजऱ्याने काम भागलं नाही. ती रोज विचारते.

गॅरेज तसंच आहे. तुझं तीन पायांचं स्टूल आहे. बाबांनी भिंतीवर खिळ्यांखाली पान्यांचे आकार रंगवले होते, ते आहेत. माणसं नाहीत म्हणून मी कामं कमी घेते. पांढरा ठिपका मीच देते, पिवळाही मीच. मधे चहा पिऊन येते, म्हणजे दुसरं माणूस आल्यासारखं होतं.

परवा दवाखान्यातली नर्स तिची गाडी न्यायला आली होती. तिने इंजिनावर बोट ठेवून विचारलं, "हा पिवळा ठिपका कसला हो?" मी बाबांच्या चालीवर सांगत गेले. इंजिनात खाली एक दांडा फिरतो, तो क्रँक, वर दुसरा फिरतो, तो कॅम, दोघांना टायमिंगची चेन बांधून ठेवते. वरचा दांडा वाल्व्ह उघडतो, झाकतो. चेन एक दात जरी मागेपुढे बसली, तरी सगळं चुकीच्या वेळी उघडतं. म्हणून आमच्याकडे हे काम दोघांचं. पहिला माणूस चेन बसवतो, खुणा जुळवतो, वरच्या दातेरी चाकाचे, म्हणजे स्प्रॉकेटचे, दोन बोल्ट हातानेच आवळतो आणि बोल्ट नि स्प्रॉकेट दोन्हींवर मिळून एक पांढरा ठिपका देतो. मग तो बाजूला होतो. दुसऱ्याने इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं, खुणा परत जुळतात का ते बघायचं आणि मग टॉर्कच्या पान्याने, म्हणजे मोजून ठरलेल्या जोराने, बोल्ट पक्के करायचे. बोल्ट फिरला की पांढरा ठिपका मधोमध फुटतो. फुटलेला ठिपका म्हणजे दुसऱ्याचा हात लागला. मग कव्हर बंद करायचं आणि कव्हरच्या बोल्टवर पिवळा द्यायचा.

ती म्हणाली, "आमच्याकडे इंजेक्शन भरताना दोघी बघतात तसंच की. आणि दुसरीने न बघताच सही केली तर?"

मी म्हटलं, "ब्रेक पण आवळलेत तुमचे. जरा जपून दाबा."

आईच्या कार्डात तू लिहिलंयस, की पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना बरा आहे, खोकं पडलं तरी कुणाला लागत नाही. आई ते वाक्य आल्यागेल्याला वाचून दाखवते. तिला ते विनोदी वाटतं. की तसं दाखवते, मला कळत नाही.

ताई


२१ जानेवारी

बारक्या,

ताडपत्री काढली. सीटचा फोम उंदरांनी अर्धा नेलाय. चावी तशीच लावलेली होती, बाबांच्या त्या झिजलेल्या वॉशरसकट. टाकीतल्या पेट्रोलचा राळेसारखा चिकट थर झालाय. टाकी उतरवली, प्लग काढला, डाव्या बाजूचं कव्हर काढलं. इंजिन जाम आहे, हे अर्थात माहीत होतं. क्रँकच्या टोकावरच्या मॅग्नेटचा नट तुझा तो लांब पाइप पान्यात अडकवून सोडवला. माझं वजन आता पुरतं. सहा वर्षांपूर्वी पुरलं नसतं.

पुलरने मॅग्नेट ओढला आणि त्याच्या मागे चेन सापडली. मुठीत चुरगळलेल्या कागदासारखी गोळा होऊन क्रँकच्या दातांत अडकली होती. म्हणून मागचं चाक जाम झालं. त्या उतारावर चाक जाम झाल्यावर बाबांच्या हातात काही राहिलं नसणार, आणि मागून येणाऱ्या टेम्पोलाही थांबायला जागा नव्हती. हे सगळं तेव्हाही लोकांनी सांगितलंच होतं. आता चेन बघितली, एवढाच फरक.

चेनच्या पाच कड्या कमी आहेत. त्यातल्या दोन तेलाच्या जाळीत मिळाल्या. चेन ज्यावरून घसरते त्या दोन्ही पट्ट्यांचे तुकडे झालेत. चेन ताणून धरणारा टेन्शनर मात्र चांगला निघाला.

वरचं कव्हर अजून उघडलेलं नाही. तिथे काही कळण्यासारखं असेल असं वाटत नाही. कव्हरच्या बोल्टवरचा पिवळा ठिपका तसाच आहे. रंग चांगला होता.

काम करताना चष्मा सारखा घसरतो. तुला माहीत नसेल, मी चष्मा लावते. तू गेल्यावर महिन्याभराने घेतला. तुझ्यासमोरच झालं होतं ना, बाबा गेल्यावर बाहेरच्या खोलीत सगळे बसले होते आणि काकांनी विचारलं, "चेन बसवली कोणी?" तू म्हणालास, "मी. एखादा दात चुकला असेल माझा." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "असेल."

मग काका म्हणाले, "अगं, पण पिवळा ठिपका तुझा ना?"

मी म्हटलं, "एका दाताचा फरक बारीक असतो, काका. मला दिसला नसेल."

त्यावर ते म्हणाले, "डोळे तपासून घे." एवढ्यावर विषय मिटला. आठ दिवसांनी तू गेलास आणि मग आईने मला चष्म्याच्या दुकानात नेलं. आई सत्तरीची झाली तरी सुईत दोरा एका झटक्यात ओवते. मी शेहेचाळिसाची आणि नाकावर चष्मा. गिऱ्हाइकं चिडवतात, "ताई, बोल्ट दिसतोय ना?" मी म्हणते, "तुमची कंजुषी पण दिसते, सायलेन्सर बदला आधी."

चेन खालून वर ओढायला बाबांनी सायकलच्या स्पोकचा आकडा केला होता, तो सापडत नाहीये. तू नेला असलास तर राहू दे. मी दुसरा करते.

ताई


९ फेब्रुवारी

बारक्या,

कार्ड मिळालं. माझ्या नावावर सहा वर्षांत पहिलं. आईने उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "एवढंच?" म्हटलं, "एवढंच."

'पांढरा ठिपका कुठल्या बाजूला फुटलाय?'

वर 'ताई' नाही, खाली सही नाही. अक्षर मात्र तेच. 'ठ' चं पोट अजून मोठं काढतोस.

वरचं कव्हर उघडलं. पांढरा ठिपका दिसत नाही. तेलात धुऊन गेला असावा. सहा वर्षांत रंग टिकत नाही. बोल्टही एकच जागेवर आहे, दुसरा खाली पडला होता, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येणार नाही.

इंजिनाचं वरचं हेड लेथवाल्याकडे दिलंय. दोन्ही वाल्व्ह वाकलेत. पिस्टनच्या माथ्यावर दोन चंद्रकोरी उमटल्यात, पण चीर नाही. लेथवाला म्हणाला, "ही गाडी मी ओळखतो." मी म्हटलं, "ओळखत असाल." तो पुढे काही बोलला नाही. त्याचा तेवढा स्वभाव चांगला आहे.

आई बरी आहे. डाव्या कानाने कमी ऐकू येतं. तुझं कार्ड तिने तिच्या रजिस्टरांच्या गठ्ठ्यात दाबून ठेवलंय, सरळ व्हावं म्हणून. ते वाकडं नव्हतं.

ताई


११ फेब्रुवारी

बारक्या,

परवाचं पत्र खोटं होतं. तुला ते आधी मिळेल, मग हे. मिळालं असेल तर फाडू नकोस, दोन्ही एकत्र ठेव.

ठिपका आहे. चांगला दिसतो.

कव्हर मी बावीस जानेवारीलाच उघडलं होतं. दुपारी, शटर अर्धं ओढून. जो बोल्ट जागेवर आहे त्यावर तुझा ठिपका आहे, आणि तो फुटलेला आहे. बोल्ट आवळला असता तर वरचा अर्धा ठिपका पुढे सरकला असता. तो मागे सरकलाय, जवळजवळ पाव फेरा. दुसरा बोल्ट पूर्ण सुटून चेनच्या बोगद्यातून खाली गेला. मग स्प्रॉकेट कॅमवरून निसटलं, चेन खाली कोसळली आणि जे व्हायचं ते झालं.

म्हणजे बोल्ट हातानेच आवळलेले राहिले होते. तू ठेवायला हवे होतेस तसेच तू ठेवलेस. पुढचं काम माझं होतं.

तुझा दात चुकला होता का? चेनचे तुकडे झाल्यावर आता ते कुणाला सांगता येणार नाही. पण चुकला असता तर गाडी सुरू होतानाच खोकली असती. ती पहिल्या किकला लागली होती. एकसारखा आवाज होता. तू हात धूत होतास, तूही ऐकलास. सहा वर्षं तू हे ताडून बघितलं असशील. नाहीतर असं कार्ड लिहिलं नसतंस.

आता त्या सकाळचं. तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने माहीत नाही.

बाबा म्हणाले होते, "माझी गाडी मी नाही उघडणार. डॉक्टर स्वतःचा दात स्वतः काढत नाही. तुम्ही दोघं करा." आपण करत होतो. तू खुणा जुळवून बोल्ट लावलेस, ठिपका दिलास आणि ब्रश माझ्यासमोर आपटलास.

"चार वर्षांत माझी एक तरी चूक सापडलीय का गं तुला?"

मी म्हटलं, "सापडावी म्हणून बघत नाही मी."

"मग कशाला फिरवतेस? नुसता देखावा. पांढरा ठिपका आत राहतो, पिवळा बाहेर दिसतो. गिऱ्हाइक म्हणतं, वा, ताईंनी काय गाडी केलीय."

"मग दे की तूच पिवळा."

"देईन एक दिवस," असं म्हणून तू हात धुवायला गेलास.

तू काही वावगं बोलला नव्हतास. पण मला लागलं. मी मनात म्हटलं, बरं, नाही फिरवत. इतका पक्का आहेस ना, मग तुझ्याच भरवशावर जाऊ दे. मी आत बघितलंही नाही. कव्हर ठेवलं, चार बोल्ट आवळले, पिवळा दिला. तुला धडा शिकवायचा होता. मला वाटलं मी फक्त तुझी तपासणी टाळतेय. बोल्ट आवळायचं कामही त्याच दोन फेऱ्यांच्या मागे बांधलेलं आहे, हे रागात डोक्यातच आलं नाही. ज्याच्याकडे असे दोन ठिपके नसतील, तो ही चूक करणार नाही. तो आपला एकट्यानेच आवळून मोकळा होतो.

बाबा आले, वाकून पिवळा ठिपका बघितला, अंगठा वर केला, आणि किक मारली. माझ्याकडे नाही बघितलं, ठिपक्याकडे बघितलं.

मला कधी कळलं, ते तू विचारणार नाहीस. सांगते. त्याच दिवशी संध्याकाळी. काका म्हणाले बाबांचे कागद लागतील, म्हणून मी दवाखान्यातून गॅरेजमध्ये आले. टॉर्कच्या पान्याची पेटी बाकावर होती. सकाळी तू तिच्यावर फडकं टाकलं होतंस, ते तसंच होतं. घडी मोडलेली नव्हती. मी उभी राहून ते बघितलं. मग फडकं उचलून खिळ्याला टांगलं, कागद घेतले आणि परत गेले.

म्हणजे बाहेरच्या खोलीत मी 'असेल' म्हणाले, तेव्हा मला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी गाडी इथे आणली, तेव्हा ताडपत्री मीच घातली. काका म्हणाले उघडून बघू, तर मी म्हटलं, कशाला आता. सगळ्यांना वाटलं मला बघवणार नाही.

रडू वगैरे आलं नाही. तेव्हाही नाही, बावीस तारखेलाही नाही. ठिपका बघितला, चष्मा पुसला, परत बघितला. चष्म्याचं सांगायचं तर तो काचेचा तुकडा आहे. मला सगळं स्पष्ट दिसतं. दुकानदाराने तक्ता दाखवला तेव्हा मी मुद्दाम शेवटच्या दोन ओळी चुकवल्या. दिसत नाही म्हटलं होतं, तर चष्मा हवाच ना.

सहा वर्षं फारसं काही वाटत नाही. काम होतं, जेवते, झोप लागते. लोक म्हणतात बाई धीराची आहे.

आईला अजून सांगितलेलं नाही.

ताई


२ मार्च

बारक्या,

आईला सांगितलं. गेल्या आठवड्यात, सकाळी.

ती खिडकीशी बसून रजिस्टर शिवत होती. मी उजव्या बाजूला जाऊन बसले, तिला ऐकू येईल अशी. म्हटलं, "आई, बाबांच्या गाडीचे आतले बोल्ट मी आवळले नव्हते. न बघता कव्हर बंद केलं. बारक्याचं काही चुकलं नव्हतं."

तिने टाका पुरा केला. दोरा दातांनी तोडला. मग म्हणाली, "चष्मा काढ."

मी काढला.

"भिंतीवरच्या कॅलेंडरवर खाली बारीक काय लिहिलंय?"

"छापखान्याचा पत्ता."

"वाच."

मी वाचला. फोन नंबरसकट.

ती म्हणाली, "दुकानदाराने मला तेव्हाच बाजूला घेऊन सांगितलं होतं. काकू, काच जवळजवळ साधीच आहे, मुलीचा हट्ट असेल तर देतो. मी म्हटलं, द्या."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"बोल्टबिल्ट मला काय कळतंय? पण तुला दिसत होतं आणि तू दिसत नाही म्हणत होतीस, एवढं कळलं."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं आणि तू खरं सांगितलं असतंस तर?" ती म्हणाली, "तेव्हा तो निघून गेला होता. तुझ्या तोंडून काढून घेतलं असतं तर तूही गेली असतीस. मला घरात कुणीतरी हवं होतं. म्हणून गप्प बसले. तू त्याच्या डोक्यावर ठेवलंस ते तुझं. मी ते तिथेच राहू दिलं, ते माझं."

मग तिने सुईत नवा दोरा ओवला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा गेला.

"त्याला लिही," ती म्हणाली. "माझंही लिही. नुसतं तुझं लिहून मोकळी होऊ नकोस. आणि गोड करून लिहू नकोस."

म्हणून जसं बोलली तसं लिहिलंय.

काकांना फोन केला. ते म्हणाले, "आता कशाला उकरतेस? सगळं शांत झालंय." मी म्हटलं, "शांत आहे खरं. पण सगळ्यांना सांगा. तेव्हा खोलीत जे जे होते त्यांना." ते म्हणाले, "बघतो." त्यांचं बघतो तुला माहीत आहे. म्हणून रविवारी मीच एकेकाकडे जाऊन आले. पाच घरं. आत्या म्हणाली, "बस, पाणी पी आधी." मामी दारातूनच बोलली. शेजारच्या वायरमनने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बारक्या येणार का आता?" मी म्हटलं, "मला माहीत नाही. त्यासाठी नाही आले." तो म्हणाला, "नाही, आपलं विचारलं."

तुला ये म्हणायचा मला काय अधिकार आहे, हे मला कळत नाही, म्हणून म्हणत नाही.

ताई


२४ मार्च

बारक्या,

हेड आलं. लेथवाल्याने वाल्व्ह इतके छान बसवलेत, की पेट्रोल ओतून ठेवलं तर एक थेंब खाली गेला नाही.

नवी चेन रात्रभर तेलात भिजत ठेवली होती. सकाळी दोन्ही पट्ट्या बसवल्या. चेन क्रँकच्या दातांवर घातली आणि बोगद्यातून नव्या आकड्याने वर ओढली. बाबांचा आकडा जास्त वाकलेला होता, तोच बरोबर होता. माझा दोनदा निसटला. वर आल्यावर चेन तारेने बांधून ठेवली, परत खाली पडू नये म्हणून. मॅग्नेट बसवला, त्यावरची रेघ इंजिनाच्या कवचावरच्या खाचेसमोर आणली. कॅमची खूण हेडच्या कडेला लावली. एकदा अर्धा दात पुढे वाटली, उतरवून परत लावली. मग बरोबर आली. चष्मा घातला नव्हता.

टेन्शनर लावला. चेनचा ढिलेपणा गेला. स्प्रॉकेटचे दोन बोल्ट हाताने आवळले, बोटांना पुढे सरकेनात इतपत, त्याहून जास्त नाही. पांढऱ्या रंगाचा डबा वाळून गेला होता, नवा आणला. दोन्ही बोल्टांवर ठिपका दिला. पहिल्यांदाच बाबांच्या गाडीला पांढरा मी दिला. आत देताना हात आखडतो. कुणाला दिसणार नाही, म्हणून जास्त नीट द्यावा लागतो. तुला हे माहीत होतं.

मग चहा प्यायले आणि परत आले. रोजच्यासारखं. पाना हातात घेतला. पण हे दुसरं माणूस नव्हतं. मीच होते.

आई दुपारी आली. तुझ्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "झालं?"

"माझं झालं. आता दुसरं माणूस लागतं."

"मी फिरवू का दोन फेरे? हाताला जोर आहे अजून."

"खुणा कळतील तुला?"

"नाही."

"मग नको."

"बरं." ती इंजिनाकडे बघत म्हणाली, "लेथवाला?"

"त्याला मी विचारू शकते. तो करेल."

"मग?"

मी पाना पुसून पेटीत ठेवला. तिने पुढे रेटलं नाही. उठताना म्हणाली, "उघडं ठेवशील तर उंदीर जातील."

"फडकं बांधलंय."

"घट्ट बांध."

टॉर्कच्या पान्याची पेटी तुझ्या स्टुलावर ठेवलीय, झाकण उघडं. पिवळ्या रंगाचा डबा तिच्याशेजारी. तो मी वाळू दिलेला नाही, दर आठवड्याला ढवळते. हे बोलावणं नाही. गाडी कुठल्या अवस्थेत आहे ते कळवतेय. तू खोक्यांकडेच राहिलास तरी ते मला समजेल. तेव्हा लेथवाल्याला सांगेन किंवा सांगणार नाही, ते अजून ठरवलेलं नाही.

नर्स परत आली होती, ऑइल बदलायला. उघडं इंजिन बघून म्हणाली, "ही कुणाची?" म्हटलं, "वडिलांची." ती म्हणाली, "अर्धवट का ठेवलीय?" मी म्हटलं, "अर्धवट नाही. माझा अर्धा भाग पूर्ण आहे." तिने मान डोलावली. तिच्या कामात तिला हे समजतं.

रोज सकाळी शटर वर केलं की आधी फडकं सोडते आणि आत बघते. मग परत बांधते आणि दिवसाच्या कामाला लागते.

आजही बघितलं. दोन्ही ठिपके अख्खे आहेत.

ताई